पेजस्पीडला ९४ आणि गिऱ्हाईक म्हणतंय साईट उघडत नाही, मग मोजायचं कुठं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत घरचा टॉवेल-चादरीचा कारखाना, स्वतःची ऑनलाइन विक्रीची साईट, पेजस्पीडवर, म्हणजे गुगलच्या साईटचा वेग तपासणाऱ्या टेस्टमध्ये, मोबाईलचा स्कोर शंभरपैकी ९४ येतोय, साईट बनवणारा म्हणतोय सगळं ओके आहे, आणि बार्शी, मंगळवेढा, अक्कलकोटकडची गिऱ्हाइकं फोन करून सांगतायत की फोटो येत नाही, बटण दाबलं तर काही होत नाही. कुणाचं खरं मानायचं आणि नीट मोजायचं कसं?

दोघांचंही खरं आहे, कारण दोघं वेगवेगळ्या गोष्टी सांगतायत. ९४ हा आकडा एका मशीननं काढलाय. ते मशीन डेटा सेंटरमध्ये बसलेलं असतं, तुमचं पेज एकदा उघडतं, कॅशे, म्हणजे आधी उतरवून ठेवलेलं सामान, रिकामी असते, आणि हिशोब असा धरतं की नेटवर्कला जाऊन येऊन १५० मिलिसेकंद लागतात, स्पीड १.६ एमबीपीएस आहे आणि प्रोसेसर साध्या फोनसारखा हळू आहे. ते मशीन खाली स्क्रोल करत नाही, साइज बदलत नाही, "कार्टमध्ये टाका" दाबत नाही. म्हणजे तुमच्या गिऱ्हाइकांची जी तक्रार आहे ना, बटण दाबलं तर काही होत नाही, ती त्या टेस्टमध्ये दिसायची सोयच नाही, कारण बटण कुणी दाबलंच नाही. तिथं त्याऐवजी पान उघडताना ब्राउझर किती वेळ अडकून पडला याचा टोटल ब्लॉकिंग टाइम नावाचा अंदाज असतो, स्कोरमध्ये त्याचं वजन ३० टक्के. अंदाज उपयोगी आहे, पण अंदाजच.

तुमच्या धंद्यातलं सांगायचं तर लॅबमध्ये टॉवेलचा जीएसएम (कापडाचं वजन) आणि रंगाचा पक्केपणा बरोबर येतो, आणि तरी गिऱ्हाइकाच्या घरी बोअरच्या पाण्यात चार धुण्यांनंतर काय होतं ते वेगळंच कळतं. लॅब टेस्ट खोटी नसते, पण रिटर्न कशामुळं आला हे घरी धुतलेला टॉवेल बघूनच कळतं.

आता त्याच पेजस्पीडच्या पानावर स्कोरच्या वर एक भाग असतो तो बहुतेक लोक बघतच नाहीत, खऱ्या वापरकर्त्यांचा डेटा. तो क्रोमच्या वापरकर्ता अनुभव अहवालातून येतो, ज्याला क्रक्स म्हणतात, गुगल २०१७ पासून तो देतंय. ज्यांनी क्रोममध्ये तशी परवानगी चालू ठेवलीय त्यांच्या फोनवरून खऱ्या भेटींचे आकडे जमा होतात आणि मागच्या २८ दिवसांचे मिळून दाखवले जातात. हा भाग आधी बघा, स्कोर नंतर. तिथं "पुरेसा डेटा नाही" असं आलं तर घाबरू नका, छोट्या साईटचं बऱ्याचदा तसंच असतं, पुरेशी गर्दी नसली तर एकेका पानाचा आकडा देत नाहीत, कधी अख्ख्या साईटचा मिळून देतात, कधी तोही नाही.

पण क्रक्सवरच थांबू नका, आणि तुमच्या बाबतीत तर अजिबात नको. कारण त्यात कोण कोण नाही ते बघा. आयफोनवाले नाहीत, आयफोनवर क्रोम वापरलं तरी नाहीत. आणि अँड्रॉइडवर एखाद्या अ‍ॅपच्या पोटातल्या वेबव्ह्यूमध्ये जी पानं उघडतात ती पण त्यात नाहीत. तुम्ही चादरीचे रील टाकून इन्स्टाग्रामवर जाहिरात करत असाल तर ते लोक लिंक दाबतात आणि साईट तिथंच अ‍ॅपच्या आतल्या ब्राउझरमध्ये उघडते. म्हणजे ज्या गिऱ्हाइकाला आणायला तुम्ही पैसे मोजताय नेमका त्याचाच अनुभव त्या अहवालात नाही. दुसरं म्हणजे २८ दिवसांची खिडकी. आज काही दुरुस्त केलं तर त्याचा पूर्ण परिणाम दिसायला जवळजवळ महिना जातो, आणि आज काही बिघडवलं तर तेही हळूहळूच दिसतं. दिवाळीच्या आठवड्यात हे चालणारं नाही ओ.

म्हणून स्वतःच्या साईटवर स्वतःचं मोजमाप बसवा. याला रियल युजर मॉनिटरिंग म्हणतात, आणि नावावरून वाटतं तेवढं महाग किंवा अवघड नाही. ब्राउझर हे सगळं आत मोजतच असतो, आपण फक्त विचारायचं आणि आकडे आपल्या सर्व्हरला पाठवायचे. गुगलची वेब-व्हायटल्स नावाची छोटीशी ओपन सोर्स जावास्क्रिप्ट लायब्ररी आहे, दोन-चार केबीची, ती टाकली की मुख्य आकडे मिळतात. तिच्यात कारण सांगणारी एक थोडी मोठी आवृत्ती पण आहे, अ‍ॅट्रिब्यूशनवाली, तीच घ्या. नुसतं "हळू आहे" कळून काय करणार, कोणतं चित्र, कोणतं बटण, कोणती स्क्रिप्ट हे कळलं पाहिजे.

काय मोजायचं. मी तीन आकड्यांपासून सुरुवात करायला सांगतो, एलसीपी, आयएनपी आणि सीएलएस. एलसीपी म्हणजे स्क्रीनवरची सगळ्यात मोठी गोष्ट, तुमच्याकडं बहुतेक चादरीचा फोटो, दिसायला किती वेळ लागला, २.५ सेकंदांच्या आत चांगलं, ४ च्या पुढं वाईट. आयएनपी म्हणजे बोट टेकवल्यापासून स्क्रीनवर काहीतरी हललं इथपर्यंतचा वेळ, २०० मिलिसेकंदांच्या आत चांगलं, ५०० च्या वर वाईट, आणि हा मोजला जातो पूर्ण भेटीतल्या जवळपास सगळ्यात वाईट प्रतिसादावरून, पहिल्याच टॅपवरून नाही. पूर्वी एफआयडी होतं, ते फक्त पहिल्या टॅपला किती थांबावं लागलं तेवढंच बघायचं त्यामुळं जवळपास सगळे पास व्हायचे, मार्च २०२४ मध्ये ते काढून आयएनपी आणलं ते लय बरं झालं. सीएलएस म्हणजे पान वाचता वाचता किती हलतं, ०.१ च्या आत चांगलं, ०.२५ च्या पुढं वाईट. "१० टक्के सूट"ची पट्टी उशिरा वरून येते, सगळं खाली ढकलतं, आणि माणूस किंग साइज दाबायला जातो तर सिंगल दाबलं जातं, ते हेच.

सीएलएसबद्दल मराठी साईटवाल्यांना एक गोष्ट आवर्जून सांगायची. देवनागरी फॉन्ट इंग्रजी फॉन्टपेक्षा जड असतात, जोडाक्षरं आणि मात्रांचे आकार धरून फाईल मोठी होते. ती उशिरा येते, तोवर फोनचा स्वतःचा फॉन्ट दिसतो, मग खरा फॉन्ट आला की ओळींची उंची बदलते आणि अख्खं पान सरकतं. इंग्रजी साईटवर हे थोडं होतं, आपल्याकडं जास्त जाणवतं. इंग्रजी पानावर टेस्ट करून बघणाऱ्याला हे दिसणारच नाही. शक्य असेल तर मजकुराला फोनमधलाच फॉन्ट वापरा, वेबफॉन्ट फक्त मोठ्या शीर्षकांना, आणि प्रत्येक फोटोला रुंदी-उंची लिहून द्या म्हणजे जागा आधीच राखली जाते.

आता पाठवायचं कधी, हा भाग नवीन माणूस हमखास चुकवतो म्हणून नीट सांगतो. आयएनपी आणि सीएलएस पान बंद होईपर्यंत बदलत राहतात त्यामुळं शेवटीच पाठवायला लागतात, आणि मोबाईलवर "शेवट" असा स्वच्छ नसतो, माणूस व्हॉट्सअ‍ॅपवर जातो, मग अ‍ॅप सरकवून टाकतो, पान बंद झाल्याचा जुना अनलोड इव्हेंट कित्येकदा येतच नाही. म्हणून पान नजरेआड गेलं की लगेच, म्हणजे व्हिजिबिलिटीचेंजला हिडन आलं की, ब्राउझरच्या सेंडबीकन या सोयीनं पाठवून द्या. सेंडबीकनचा फायदा असा की पान गेलं तरी ब्राउझर मागून तो निरोप पोचवतो आणि पुढचं पान त्याच्यासाठी अडत नाही. अनलोड वापरूच नका, त्यानं मागे-पुढे जाताना पान झटकन दाखवायची ब्राउझरची सोय, बीएफकॅशे, ती पण बंद पडू शकते, म्हणजे मोजायच्या नादात साईट हळू केली असं होतं.

आकड्याबरोबर काय काय पाठवायचं? पानाचा प्रकार, म्हणजे होम, कॅटेगरी, प्रॉडक्ट, कार्ट, चेकआउट. पूर्ण पत्ता नको, प्रकार पुरतो. फोनची मेमरी, ती क्रोम ढोबळ आकड्यात सांगतो आणि स्वस्त-महाग फोन ओळखायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. माणूस कुठून आला, गुगल, इन्स्टाग्राम, व्हॉट्सअ‍ॅप. पहिल्यांदा आलाय की परत, कारण परत आलेल्याकडं निम्मं सामान कॅशेत असतं. पान नवीन उघडलं, रिलोड केलं की मागे येऊन उघडलं. आणि साईटची आवृत्ती, म्हणजे कोणत्या बदलानंतर बिघडलं ते शोधता येतं.

नेटवर्कचा प्रकार पण ब्राउझर सांगतो, पण त्याच्यावर भरवसा ठेवू नका. तिथं "४जी" लिहून आलं म्हणजे गिऱ्हाईक ४जीवर आहे असं नाही, ७०० केबीपीएसच्या वर स्पीड आणि २७० मिलिसेकंदांच्या आत फेरी असली की झालं ४जी, वायफायवाला पण ४जीच दिसतो. त्यापेक्षा फेरीला लागणारा वेळ, आरटीटी, तो घ्या. गावाचंही तसंच. आयपी पत्त्यावरून गाव काढायला गेलात तर मोबाईल नेटवर्कवरचा मोहोळचा माणूस पुण्याचा नाहीतर मुंबईचा दिसू शकतो. ऑर्डरच्या पिनकोडचे पहिले तीन आकडे ४१३ घेतले तर सोलापूरबरोबर धाराशिव, लातूर पण येतं, तरी ढोबळ चालतं, फक्त एवढं लक्षात ठेवा की पिनकोड त्यांचाच मिळतो जे चेकआउटपर्यंत पोचले.

आकडे आले की पहिली चूक असते सरासरी काढायची. समजा दहा जण आले. सात जणांना पान १.५ सेकंदात दिसलं, बाकी तिघांना ९, ११ आणि १४ सेकंद लागले. सरासरी येते ४.४५ सेकंद. त्या दहांमध्ये साडेचार सेकंद कुणालाच लागले नाहीत! मधला आकडा बघितला तर १.५, म्हणजे सगळं छान. ७५ वा पर्सेंटाइल, म्हणजे शंभरातले ७५ जण ज्याच्या आत येतात तो आकडा, बघितला तर ९ सेकंद, म्हणजे दर चौघांतल्या एकाला ९ किंवा जास्त. तुम्हाला फोन करून तक्रार करणारे हे तिघं आहेत आणि "माझ्याकडं तर भारी चालतंय" म्हणणारा डेव्हलपर त्या सातांतला एक. म्हणूनच गुगल पण २.५ सेकंदांची ती रेषा ७५ व्या पर्सेंटाइलला लावतं. मी त्याच्याबरोबर ९५ वा पण बघतो, तिथं रोजचा आकडा उड्या मारतो म्हणून आठवड्याचा घेतो.

मग तुकडे पाडा. खरं काम इथंच आहे आणि इथं वेळ घालवला तरच बाकी सगळ्याचा उपयोग. अख्ख्या साईटचा एकच आकडा ३.८ सेकंद आला तर त्यातून काहीच करता येत नाही. तोच आकडा प्रॉडक्ट पेज, पहिल्यांदा आलेले, इन्स्टाग्रामवरून, कमी मेमरीचा फोन असा तोडला की गोष्ट दिसायला लागते. एलसीपी तर चार भागांत तुटतो: सर्व्हरचा पहिला बाइट यायला लागलेला वेळ, मग फोटो मागवायलाच झालेला उशीर, मग फोटो उतरायचा वेळ, मग उतरून पण दाखवायला झालेला उशीर. लोक डोळे झाकून फोटो लहान करत सुटतात, म्हणजे तिसऱ्या भागावर घाव घालतात, आणि उशीर बऱ्याचदा दुसऱ्यात असतो. मुख्य फोटोलाच लेझी लोडिंग, म्हणजे नजरेसमोर येईपर्यंत फोटो न मागवायची सोय, लावून ठेवलेलं असतं नाहीतर स्लायडरची स्क्रिप्ट येईपर्यंत फोटो मागवलाच जात नाही. पहिल्या फोटोचं लेझी लोडिंग काढणं, त्याला फेचप्रायॉरिटी हाय, म्हणजे "हा आधी आण" अशी ब्राउझरला खूण, देणं, पाच मिनिटांचं काम आहे.

पहिला भाग मोठा असेल तर सर्व्हर कुठं आहे ते विचारा. स्वस्त होस्टिंग घेताना हे कुणी बघत नाही. काचेच्या तारेत प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, अमेरिका इथून १३ हजार किलोमीटर धरली तर जाऊन येऊन १३० मिलिसेकंद भौतिकशास्त्रच खातं, प्रत्यक्षात २०० च्या वरच जातं. आणि पहिला बाइट यायच्या आधी अशा निदान तीन फेऱ्या होतात, एक जोडणीची, एक कुलूपबंद जोडणीची, एक खऱ्या मागणीची. झाले ६०० मिलिसेकंद, अजून तुमच्या सर्व्हरनं काही काम केलं नाही आणि फोन ते टॉवरचा वेळ धरलाच नाही. पहिल्या बाइटसाठी चांगली मर्यादा ८०० मिलिसेकंदांची मानतात. मुंबईत मोठ्या क्लाउड कंपन्यांची सेंटर आहेत, गिऱ्हाईक महाराष्ट्रातलं असेल तर सर्व्हर तिथं आणा आणि फोटो सीडीएनवरून, म्हणजे गिऱ्हाइकाच्या जवळच्या सर्व्हरवरून फाईल देणाऱ्या सेवेवरून, द्या. हे पेजस्पीडमध्ये का दिसत नाही, तर टेस्ट करणारं मशीन तुमच्या सर्व्हरच्या जवळ असू शकतं म्हणून.

बटण दाबून काही होत नाही ही तक्रार आयएनपीची. ब्राउझरचा मुख्य धागा एकच असतो, तो स्क्रिप्ट चालवण्यात गुंतला की टॅपकडं बघायला मोकळा नसतो. साईटवर चॅटचं विजेट, दोन-तीन जाहिरातींचे पिक्सेल (माग काढणाऱ्या स्क्रिप्ट), पॉपअपवाला प्लगइन, "आत्ताच कुणीतरी खरेदी केली" दाखवणारा प्लगइन, हे सगळं असेल तर महागड्या फोनवर काही वाटत नाही पण आठ-दहा हजारांच्या फोनवर, त्यातून तीन वर्षं जुन्या, अर्धा-एक सेकंद सहज जातो. अ‍ॅट्रिब्यूशनमध्ये कोणत्या बटणावर झालं आणि नव्या क्रोममध्ये कोणत्या स्क्रिप्टमुळं झालं तेही येतं. ते घेऊन मालकाशी बोला, म्हणजे तुमच्या घरच्यांशीच, की हे विजेट दिवसाला किती चौकशा आणतं आणि किती जणांचं बटण अडवतं. बऱ्याच वेळा काढून टाकणं हाच उपाय असतो.

आणि एक सोलापूरचं. एप्रिल-मे मध्ये इथं पारा चाळिशीच्या वर असतो, फोन तापला की तो स्वतःला वाचवायला प्रोसेसर हळू करतो. म्हणून उन्हाळ्यात आयएनपी दुपारी आणि रात्री वेगळा काढून बघा. फरक दिसला तर तुमचा कोड बिघडलेला नाही, पण कोड इतका काठावर आहे की फोन जरा तापला की कोलमडतो, एवढं त्यातून कळतं. गर्दीचंही तसंच. जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेला होम मैदानावर किंवा आषाढीला पंढरपुरात एकाच टॉवरवर हजारो फोन लटकतात, टॉवरची क्षमता वाटली जाते, प्रत्येकाच्या वाट्याला थोडं येतं. त्या दिवशी आलेख वर गेला म्हणून डेव्हलपरला झोपेतून उठवू नका, आलेखावर त्या दिवसाची खूण करून ठेवा. पण त्याच दिवसात तुमची विक्री असेल तर "नेटवर्कचा दोष" म्हणून सोडूनही देऊ नका, गिऱ्हाईक तुमच्या साईटवरून परत गेलंय.

प्रीपेड पॅकचं गणित तर प्रत्येक दुकानदारानं करून बघावं. बऱ्याच पॅकमध्ये रोजचा डेटा संपला की स्पीड ६४ केबीपीएसवर येतो. म्हणजे सेकंदाला ८ केबी. तुमचं पान २ एमबीचं असेल तर २५० सेकंद, चार मिनिटांच्या वर. संध्याकाळी व्हिडिओ बघून डेटा संपवलेला माणूस रात्री दहाला चादर बघायला आला तर तो चार मिनिटं थांबणार आहे का?

नाही थांबणार. आणि यातून मोजमापातला सगळ्यात मोठा सापळा तयार होतो: जो थांबला नाही त्याचा आकडाच येत नाही. पान दिसायच्या आधी निघून गेला तर तुमची मोजणारी स्क्रिप्टच उतरलेली नसते. म्हणजे ज्यांचा अनुभव सगळ्यात वाईट तेच डेटातून गायब, आणि डेटा सांगतो सगळं बरं चाललंय. क्रिस झकारियस नावाच्या यूट्यूबच्या माजी इंजिनियरनं २०१२ साली एक अनुभव लिहिला होता. त्यांनी व्हिडिओचं पान एक एमबीच्या वरून शंभर केबीच्या आत आणलं, थोड्या लोकांना ते दिलं, आणि आकडे बघितले तर सरासरी वेळ कमी व्हायच्या ऐवजी वाढला होता! पान दहापट हलकं आणि आकडा खराब. मग देशवार तोडून बघितलं तेव्हा कळलं की आग्नेय आशिया, आफ्रिका, दक्षिण अमेरिका अशा भागांतली माणसं, ज्यांच्याकडं जुनं पान उघडायला वीसेक मिनिटं लागली असती म्हणून ती येतच नव्हती, ती आता दोन मिनिटांत का होईना पण व्हिडिओ बघायला लागली होती. ती मोजणीत आली म्हणून सरासरी चढली. सरासरीवर विश्वास ठेवून कुणी ते काम मागं घेतलं असतं तर त्या सगळ्यांना परत बाहेर काढलं असतं.

म्हणून एलसीपी सुधारायचं काम केलं की त्याच्याबरोबर भेटींची संख्या पण बघा, विशेष करून हळू फोन आणि मोठ्या आरटीटीच्या तुकड्यात. आकडा थोडा वाढला पण त्या तुकड्यातली माणसं वाढली तर तुम्ही जिंकलात. आणि गायब लोकांचा अंदाज काढायचा सोपा मार्ग असा की पानाच्या अगदी वर, हेडमध्येच, दोन ओळींची स्क्रिप्ट लिहून "पान सुरू झालं" एवढा एक बीकन पाठवा. सर्व्हरच्या लॉगमध्ये पानाच्या मागण्या किती, त्यातले सुरुवातीचे बीकन किती, आणि पूर्ण आकड्यांचे बीकन किती. लॉगमध्ये बॉट, म्हणजे आपोआप पानं उघडणारे प्रोग्राम, पण असतात म्हणून पहिली तफावत जपून वाचा, पण दुसरी, सुरुवात आली आणि पुढचं आलंच नाही, ती बहुतेक खऱ्या माणसांची असते. काहींचा शेवटचा बीकन तसाही हरवतो, त्यामुळं नुसत्या आकड्यापेक्षा तो पानागणिक आणि आठवड्यागणिक कसा बदलतो ते बघा. कुठल्या पानावर ही गळती जास्त आहे तिथून काम सुरू करा, एलसीपी काहीही म्हणो.

तीन आकडे पास झाले तरी गिऱ्हाइकाचं काम झालं असं नाही. त्याला चादर बघायची, साइज निवडायची, यूपीआयनं पैसे द्यायचे, मोकळं व्हायचं. यूपीआय अ‍ॅपमधून परत आल्यावर "ऑर्डर झाली" दिसेपर्यंत जे पाच-सात सेकंद कोरं पान असतं तिथं माणसाचा जीव वर-खाली होतो, पैसे गेले का काय, आणि तो आकडा कुठल्याच तयार अहवालात नाही. तो स्वतः मोजायचा. परत आल्याच्या क्षणी एक परफॉर्मन्स मार्क, म्हणजे वेळेची खूण, टाका, पावती दिसली की दुसरी, मधलं अंतर पाठवा. वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नीलसन यांनी १९९३ मध्ये मांडलेल्या मर्यादा आजही तशाच चालतात, ०.१ सेकंदात झालं तर लगेच झाल्यासारखं वाटतं, १ सेकंदापर्यंत विचार तुटत नाही, १० सेकंदांनंतर माणसाचं लक्ष उडतं. पैशाच्या पानावर एक सेकंदाच्या वर जाणार असेल तर "पैसे मिळाले, ऑर्डर नोंदवतोय" एवढं वाक्य तरी लगेच दाखवा.

आकड्यांच्या जोडीला माणसं पण विचारा. तुमच्याकडं तर गिऱ्हाईक स्वतः फोन करून सांगतंय, हे केवढं मोठं आहे, शंभरातले फार थोडे सांगतात. पुढच्या वेळी फोन आला की विनंती करा, "दादा, स्क्रीन रेकॉर्डिंग चालू करून एकदा साईट उघडता का आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवता का". एक रेकॉर्डिंग डेव्हलपरला दाखवलं की वाद संपतो. शिवाय कारखान्यातल्याच एखाद्याचा जुना अँड्रॉइड फोन घ्या, यूएसबीनं लॅपटॉपला लावा, क्रोमच्या डेव्हलपर टूल्समधून त्याच फोनवरचं पान तपासा, आणि वायफाय बंद करून सिमच्या डेटावर. प्रयोगशाळेतल्या टेस्टची जागा इथं आहे. खऱ्या लोकांच्या आकड्यांनी सांगितलं कुठं दुखतंय, मग लॅबमध्ये तेच दुखणं परत उभं करून कारण शोधायचं, आणि दुरुस्ती केल्यावर परत बिघडू नये म्हणून प्रत्येक बदलाला लाइटहाउस, म्हणजे पेजस्पीडच्या मागचीच टेस्ट, चालवायचं. स्कोर ९४ चा १०० करायच्या मागं मात्र लागू नका, त्या सहा गुणांनी बार्शीच्या माणसाला काही मिळत नाही.

खर्च आणि साठवण, थोडक्यात. तुमच्या आकाराच्या साईटला पैसे देऊन सेवा घ्यायची गरज नाही. बीकन घेणारी एक छोटी फाईल आणि डेटाबेसचं एक टेबल पुरतं. गुगल अ‍ॅनालिटिक्सला इव्हेंट म्हणून पाठवलं तरी चालतं, पण तिथल्या साध्या रिपोर्टमध्ये पर्सेंटाइल नीट मिळत नाही, डेटा बिगक्वेरी या गुगलच्याच डेटाबेसात काढून घ्यावा लागतो. नाव, फोन नंबर, पूर्ण आयपी यातलं काहीही या टेबलमध्ये ठेवू नका, २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहेच, आणि कायदा नसता तरी वेग मोजायला माणसाचं नाव लागत नाही.

एक शेवटची तांत्रिक गोष्ट, कारण टेबल बनवायच्या आधीच ठरवावी लागते. रोजचा ७५ वा पर्सेंटाइल काढून ठेवला आणि महिनाअखेरीस तीस दिवसांच्या पर्सेंटाइलची सरासरी काढली तर येणारा आकडा चुकीचा असतो, पर्सेंटाइलची सरासरी काढता येत नाही, रविवारी पन्नास माणसं आणि सोमवारी पाचशे आली तर दोघांना सारखं वजन कसं देणार. म्हणून कच्च्या ओळी दोन-तीन महिने ठेवा, आणि त्या पुसायच्या आधी दर दिवसाचे खण भरून ठेवा, ० ते ०.५ सेकंदात किती भेटी, ०.५ ते १ मध्ये किती, असं पुढं, पानाचा प्रकार आणि फोनच्या मेमरीप्रमाणे वेगवेगळे. खण एकमेकांत मिळवता येतात आणि त्यातून कुठल्याही काळाचा पर्सेंटाइल परत काढता येतो. जागा काहीच लागत नाही, म्हणून हे खण तेरा-चौदा महिने तरी पुसू नका, म्हणजे या दिवाळीची तुलना मागच्या महिन्याशी न करता मागच्या दिवाळीशी करता येईल.